जाळीचं वाण

माझे अनारसे हसतात. हे कौतुक नाही. तुपात सोडलेला अनारसा फुटून पसरला आणि कढईत नुसता चुरा तरंगायला लागला, की आमच्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. लग्न होऊन लातूरला आले तेव्हापासून माझा प्रत्येक अनारसा मला हसत आलाय. आणि प्रत्येक वेळी माझ्या थोरल्या नणंदबाई, उदगीरच्या बसम्माक्का, त्या कढईत डोकावून एकच वाक्य बोलत आल्यात, "सिंधू, तुझ्या हाताला जाळी न्हाई बघ."

जाळी माझ्या हाताला होती. फक्त ती मला पन्नाशी गाठल्यावर सापडली, आणि तीही ओव्हनात.

हा ओव्हन आमच्या तनुजाचा. लेक कॉलेजात होती तेव्हा तिनं हट्ट करून घेतला, दोनदा बिस्किटं करपवली, आणि लग्न होऊन नांदेडला गेली तेव्हा माळ्यावर टाकून गेली. घर सुनं सुनं झालं होतं. एक दिवस माळा साफ करता करता मी तो खाली काढला, पुसला आणि मोबाइलवर बघून चॉकलेटचा केक करायला घेतला. आम्ही गळ्यात लिंग असलेली माणसं, अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून दही घातलं, सोडा घातला, आणि तेवढ्यात शेजारीण आली म्हणून पीठ तसंच ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसले. सोड्याचा सगळा जोर गप्पांतच उतरला. ओव्हनातून जे बाहेर आलं ते केक म्हणण्यासारखं नव्हतं.

आमचे हे, रामलिंगअप्पा, गंजगोलाईच्या बाजारात किराणा दुकान चालवतात. त्यांनी तो केक तळहातावर तोलला आणि म्हणाले, "सिंधू, हा धोंडा मी दुकानात नेतो. अर्ध्या किलोचं माप सापडंना गेलंय."

आणि नेला की! गिऱ्हाइकांना दाखवला. ताजव्यात ठेवून साखर मोजल्याचं नाटकही केलं म्हणे. तेव्हापासून मी ओव्हन लावला रे लावला, की यांचा ठरलेला प्रश्न असतो, "आज कोणता धोंडा?" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी मुळात तापट आहे, ते मी लपवत नाही. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि पाचव्या दिवशी पुन्हा केक करायला घेतला.

या वेळी केळी होती. अर्धापूरची, सालीवर काळे ठिपके पडलेली, घरात कुणी खाईना अशी. ती कुस्करली, दही, कोको, तेल, पीठ, आणि सोडा घातल्याबरोबर भांडं थेट ओव्हनात सरकवलं. शेजारीण दारात आली, तिला म्हटलं, बाई, नंतर ये. मी काचेसमोर पाट टाकून बसले. पीठ आधी कडेनं वर आलं, मग मधोमध फुगलं, मग त्याला चीर पडली आणि असा वास सुटला की मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. गार व्हायचीही वाट बघितली नाही. सुरी फिरवली, तुकडा उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, आणि आत बघते तर जाळी! बारीक, एकसारखी, या कडेपासून त्या कडेपर्यंत! मी एकटीच घरात ओरडले, "अगं बाई, जाळी पडली!"

मग मला कोण अडवणार होतं? वर्ष मला कॅलेंडरवर दिसेनासं झालं, ते फळांच्या गाड्यांवर दिसायला लागलं. थंडीत पेरू आले, त्यांचा गर गाळून बिया काढल्या आणि चॉकलेटमध्ये त्या गराबरोबर चिमूटभर तिखट घातलं. आपण पेरूला तिखटमीठ लावून खातोच की, मग चॉकलेटनं काय पाप केलंय? बोरं गुळात शिजवली, बिया काढता काढता अंगठा सोलवटला, पण त्या आंबटगोड चिकट गराला कडू चॉकलेट भेटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात गिरकी घेतली. द्राक्षांनी मात्र मला रडवलं. केकात ती फुटतात आणि तळाशी चिखल होतो. मग मनुका घेतल्या आणि मोसंबीच्या रसात भिजवल्या. सीताफळानं तर पहिल्या खेपेला फसवलंच. तापवलं की ते कडू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला केक आधी भाजून गार केला आणि मग पोटात थंडगार गर भरला. आणि आंबा! केशर आंब्याचे दिवस आले की मी सकाळी उठल्या उठल्या ओव्हनाकडे बघून हसते. त्या ओव्हनाचा डावा कोपरा जास्त तापतो, दार जरा दाबून लावावं लागतं, हे सगळं मला माझ्या माणसांच्या स्वभावासारखं पाठ झालंय.

केलेलं सगळं थोडं थोडं नांदेडला जायचं. लातूरहून नांदेडला जाणारं ओळखीचं कुणी ना कुणी निघतंच. त्यांच्या हातात डबा द्यायचा आणि वाटेतल्या लोह्यापर्यंत गाडी पोहोचली की नाही ते फोन करकरून विचारायचं. तनुजाचं उत्तर यायचं, "छान झालंय आई." जावयाचं मात्र काहीच नाही. सोमेशराव नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवतात. वर्गात बोलतात की नुसतं फळ्यावर लिहितात, देव जाणे. आमच्याकडे आले की तोंडातून 'बास' सोडून दुसरा शब्द नाही. भात वाढा, 'बास'. पुरणपोळी वाढा, 'बास'. माझा केक पुढं केला, तर 'बास' म्हणून त्यातला निम्माच उचलला. माणसाला माझ्या हातचं आवडत नाही, असं मी मनाशी धरून चालले होते, आणि ते मला लागायचं.

यंदा अधिक महिना आला, अधिक ज्येष्ठ, ऐन उन्हाच्या कडाक्यात. तनुजाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून घालायचे आणि जावयाला वाण द्यायचं. वाण काहीही चालत नाही, ते जाळीदारच लागतं. अनारसे, बत्तासे, असं काहीतरी, आणि तेही मोजून तेहतीस.

महिना लागायच्या आधीच बसम्माक्कांचा फोन आला. "वाणाची काळजी करू नको सिंधू. अनारसे मी करून घेऊन येते. तुझे हसतील."

माझ्या तोंडून भसकन निघून गेलं, "अक्का, यंदाचं वाण माझ्या ओव्हनातलं राहील."

"ओव्हनातलं वाण?" त्या म्हणाल्या. "अगं, वाणाला जाळी लागती. क्रीम न्हाई."

"मग माझ्या केकला जाळी न्हाई तर काय हाय?"

"बघू की," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी पेटलेच. छोट्या वाट्यांमधले केक, वरून चॉकलेटचे, आत पुरणासारखं फळ भरलेले. यांचाच शब्द यांच्या तोंडावर मारायचा होता: चॉकलेटचे धोंडे! मी भाकरी थापताना हसत होते, भाजी निवडताना हसत होते. कधी एकदा तो दिवस उजाडतो असं मला झालं होतं.

आणि दुसऱ्याच दुपारी हे जेवायला घरी आले आणि हात धुता धुता म्हणाले, "सोमेशरावांचा फोन आला होता दुकानात. मी म्हणलो, पहिला धोंडा हाय, काय पाहिजे ते हक्कानं मागा. लई लाजले बिचारे."

"मागितलं का काही?"

"हाव. ओव्हनच द्या, म्हणाले."

माझ्या हातातली पळी वरणात पडली. "ओव्हन? आपला?"

"आपला कुठला, तनुजाचाच हाय तो. दुकानात हमाल पोती उतरवून राहिले होते, कल्ला लई होता. पण तेवढं मला चक्क ऐकू आलं. ओव्हनच द्या."

मी जाळीचा आधार घेतला. म्हटलं, "वाण जाळीदार लागतं. ओव्हन कसा काय देणार वाणात?"

हे जणू याच प्रश्नाची वाट बघत होते. उठले, ओव्हनाचं दार उघडलं, आतली तारेची जाळी सर्रकन बाहेर ओढली आणि मला दाखवली. "ही काय? ओव्हनात जाळी हाय की!" आणि आपल्याच हुशारीवर इतके खूश झाले की वरण न घेताच भात खायला लागले.

मला रडू आलं. खरंच आलं. मी तिखट डोळ्यात गेल्याचं सांगून मोरीत गेले.

म्हणाल, दुसरा घ्यायचा. तेही बोलून झालं. जावयाला नवा द्यावा, तर हे म्हणतात, पोरीची वस्तू असताना नवा दिला, तर जुना दाबून ठेवला असं दिसेल. मग मला नवा घ्यावा, तर म्हणाले, "आधी हा तर जाऊ दे. उन्हाळाभर घरात भट्टी पेटवून राहिलीस, भिंती तापल्या." आणि खरं सांगायचं तर मला नवा नकोच होता. मला हाच हवा होता, डाव्या कोपऱ्यात जास्त तापणारा.

जावयाला परत विचारायची सोय नाही. धोंड्याच्या जावयानं एकदा मागितलं की 'नक्की ना?' म्हणायचं नसतं. ते दिलेला शब्द मागं घेतल्यासारखं होतं. राहिली तनुजा. तिचाच संध्याकाळी फोन आला.

"आई, यांनी काय मागितलंय ते कळलं ना तुला?"

"कळलं."

"तुला जड जाईल गं. एवढ्या उन्हाचं."

"त्यात काय जड जायचंय?" मी म्हटलं. आवाज कोरडा ठेवला. "तुमचंच आहे ते. घेऊन जा."

"यांनी तर मोठा डबासुद्धा काढून ठेवलाय न्यायला. कधीचे वाट बघून राहिलेत."

मी फोन ठेवला. मोठा डबा काढून ठेवलाय! एवढी घाई! माळ्यावर धूळ खात होता तेव्हा नाही आठवण झाली. ज्या माणसाला माझा केक गिळवत नाही, त्याला माझा ओव्हन मात्र पाहिजे. मी इतकी चिडले की घरातली सगळी पितळी भांडी घासून काढली.

भांडी घासता घासता राग उतरला आणि दुसरंच काहीतरी डोक्यात चढलं. जायचाच आहे ना ओव्हन? मग जाण्याआधी त्याच्यातून असं वाण काढीन की उदगीरपासून नांदेडपर्यंत नाव निघेल. एका फळाचं कशाला? वर्षभराची सगळी फळं एका ताटात मांडीन! मी फ्रीज उघडला. वरच्या खणात दिवाळीपासून जपलेला सीताफळाचा गर होता. बरणीत मागच्या साली घोटलेला जांभळाचा जॅम होता. पेरूची जेली, गुळातली बोरं, मोसंबीच्या सालींचा मुरंबा. केळी बाजारात होतीच, आणि आंबे टोपलीत घमघमत होते. राग कुठं गेला ते मला कळलंही नाही.

बसम्माक्का एक दिवस आधीच आल्या. हातात अनारशांचा डबा होताच. 'असू दे, लागले तर,' असं म्हणून त्यांनी तो कपाटावर माझ्या नजरेसमोर ठेवला. मग पदरानं वारा घेत स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मी पहिली खेप ओव्हनात सरकवली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत ओव्हन. पंखा लावला की पीठ उडत होतं, बंद केला की घामाच्या धारा. चॉकलेट वितळवायला गॅस लागलाच नाही, वाटी नुसती खिडकीत ठेवली.

पहिली खेप निघाली. अक्कांनी न विचारता एक उचलला, मधोमध मोडला आणि चष्मा वर करून आत बघितलं. त्यांनी बोट फिरवलं, दाबलं, सोडलं. तो परत वर आला.

"जाळी हाय," त्या म्हणाल्या.

"हाय ना?"

"हाय म्हणलं की. अनारशाहून बारीक हाय." मग तोच मोडलेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला. "अंडं?"

"न्हाई अक्का, दही."

त्यांनी दुसरा तुकडाही खाल्ला आणि वर काही बोलल्या नाहीत. अक्कांचं न बोलणं म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांनी कळतं. मी पाठ करून पीठ घोटायला लागले, कारण चेहऱ्यावरचा आनंद त्यांना दिसला असता तर त्यांनी लगेच काहीतरी खोट काढली असती.

शेवटची खेप आत गेली आणि लाईट गेली. ओव्हनातला लाल उजेड विझला. काचेतून बघते तर केक अर्धे फुगलेले. "हसतील आता," अक्का म्हणाल्या, पण या वेळी टोमणा नव्हता. त्याही उठून उभ्या राहिल्या होत्या. मी लोखंडी मोठी कढई गॅसवर चढवली, तळाशी मीठ पसरलं. ओव्हनाची जाळी कढईत मावेना. अक्कांनी भिंतीवरची पापड भाजायची गोल जाळी खटकन काढून मला दिली. ती मिठावर ठेवली, त्यावर वाट्या, वर परात, परातीवर वरवंटा. आम्ही दोघी नणंदा-भावजया त्या कढईपुढं हात जोडून बसलो. परात उचलली तेव्हा वाट्यांवर गोल गोल टोप्या आल्या होत्या. अक्कांनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली.

ओव्हन मी स्वतः पुसला. काच चकचकीत केली. आतली जाळी राखेनं घासली. पाटावर ठेवून त्याला नवा खण गुंडाळला, वरती विभूतीची तीन बोटं ओढली. एवढी सेवा केली त्यानं, त्याची पाठवणी नीट नको व्हायला? हे ते बघून म्हणाले, "पोरगी सासरला निघाल्यावानी करून राहिलीस." मी खणाची गाठ पुन्हा आवळली. बोलायला गेले असते तर रडलेच असते.

लेक-जावई आले. सोमेशरावांच्या हातात स्टीलचा मोठा झाकणाचा डबा होता. मी तो बघून चक्रावले. त्यात ओव्हन कसा मावणार? पण विचारायची सोय नव्हती. पाय धुतले, औक्षण झालं, पुरणाचे धोंडे आणि तूप वाढलं. जावयाचं 'बास, बास' सुरूच होतं. जेवणं झाली. मग मी ताट आणलं. तेहतीस चॉकलेटचे धोंडे, वर्षभराची फळं पोटात घेऊन बसलेले, मधोमध निरांजन. तनुजानं 'अय्या' केलं. सोमेशराव एकटक ताटाकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघांनी मिळून ओव्हनाचा पाट उचलून जावयापुढं ठेवला. हे छाती काढून म्हणाले, "आन् हे तुमचं मागितलेलं."

सोमेशरावांनी खणाकडे बघितलं, विभूतीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हे काय?"

"ओव्हन," हे म्हणाले. "तुम्हीच म्हणलात की फोनवर, ओव्हनच द्या."

"न्हाई मामा!" जावई ताडकन उठून उभे राहिले. मी त्यांचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. "मी म्हणलो, ओव्हनातलंच द्या! मामींच्या ओव्हनातलंच काहीतरी द्या! अनारसे नको, अंगठी नको, असं म्हणलो! ओव्हन मी काय करू नेऊन? मला चहा येत न्हाई करायला. आन् हिला..." त्यांनी तनुजाकडे हात केला. "हिला गोड आवडतच न्हाई. डबा आला की हिचा एक तुकडा, बाकी सगळा माझा. सीताफळाचा आला होता तेव्हा मी शाळेतून सुट्टी टाकून घरी आलो होतो! हा ओव्हन नांदेडला आला तर मामी कशात करतील? मग मला काय मिळेल?"

एवढं बोलून त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते खाली बसले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मग तनुजा खदखदून हसायला लागली. मी यांच्याकडे बघितलं. "चक्क ऐकू आलं होतं, न्हाई का?"

"पोती उतरवून राहिले होते," हे पुटपुटले. कल्ल्यात खरंच तेवढं गळून गेलं, की भट्टी घरातून जावी म्हणून यांच्या कानांनी तेवढं गाळलं, ही शंका मला अजून आहे.

"पण मग तुम्ही माझ्यासमोर निम्माच का उचलता?" मी जावयाला विचारलं.

"लाज वाटती," ते तांब्यात बघत म्हणाले. "तुमच्यासमोर पाच खाल्ले तर काय म्हणाल?"

मी उठून ओव्हनाचा खण सोडायला गेले, तेवढ्यात बसम्माक्का कडाडल्या, "थांब! पाटावर मांडलं, विभूती लावली, जावयापुढं ठेवलं. दिलेलं वाण मागं घेत न्हाईत, सिंधू."

माझा हात तिथंच थांबला. अक्कांचं खोटं नव्हतं. वाण परत घेणं म्हणजे अपशकुन, आणि तोही पहिल्या धोंड्याला. केकांवरचं चॉकलेट उन्हाळ्यानं चमकायला लागलं होतं.

सोमेशरावांनी तांब्या खाली ठेवला. पुढं सरकले, ओव्हनाचं दार उघडलं आणि आतली जाळी सर्रकन बाहेर काढली. अगदी यांनी काढली होती तशीच.

"आत्या, वाणाला जाळी लागती ना?"

"लागती," अक्का म्हणाल्या.

"मग मी वाण घेतलं." त्यांनी जाळी कपाळाला लावली आणि मांडीवर ठेवली. "बाकीचं मामींचं."

अक्कांनी चष्मा वर केला. जाळीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. मग सावकाश मान हलवली. "चालतंय."

आणि सोमेशराव हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा, तोंडभरून. आमच्या घरात आजवर अनारसे हसत आले होते, त्या दिवशी जावई हसला. मी ताट त्यांच्यापुढं सरकवलं आणि म्हटलं, आता माझ्यासमोर खायचा. त्यांनी एक उचलला, तो जांभळाचा निघाला. दुसरा उचलला, तो बोराचा. यांनी न राहवून विचारलं, "आता कोणता धोंडा हाय, जावईबापू?" आणि मी पहिल्यांदा त्या शब्दावर चिडले नाही. उरलेले सगळे त्या स्टीलच्या डब्यात बरोबर मावले.

आता माझ्या ओव्हनात पापडाची गोल जाळी आहे. त्याच्या चौकोनी पोटात ती थोडी वेडीवाकडी बसते, डाव्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तिकडचं करपणं आपोआप बंद झालंय. पापड मी थेट विस्तवावर भाजते. माझी जाळी नांदेडला तनुजाच्या ओट्यावर असते. इथून डबा पोहोचला की सोमेशराव आधी जाळी पुसतात, त्यावर केक मांडतात आणि मगच खातात, असं तनुजा सांगते.

काल दुपारी माझ्या मोबाइलवर फोन वाजला. नाव बघून मी हात पुसले. जावयाचा फोन थेट मला कधी आला नव्हता.

"मामी, मी सोमेश. मामांकडं निरोप दिला न्हाई, तुम्हालाच सांगून राहिलो," ते हळूच म्हणाले. "जाळी रिकामी हाय."